चवथीच्या घरातलं वाहतं नाक

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या माशेलच्या घरात चार पिढ्या जमतात. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीपुढे, मातीच्या घुमट वाद्यांवर आरती रंगलेली, बाहेर पाऊस, आणि आठ महिन्यांचं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतंय. त्याचं नाक वाहतंय. पणजी पदरानं ते पुसते, आणि त्याच पदरानं शेजारच्या नातवाचंही! न्यूमोकोकस या जिवाणूला आणखी काय हवं?

१८८०-८१ च्या सुमारास अमेरिकी लष्करातले डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतःची थुंकी सशाला टोचली. ससा मेला; स्टर्नबर्ग मात्र ठणठणीत. त्याच सुमारास पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनाही लाळेत हाच जिवाणू सापडला. त्या सशातच सगळी गोम आहे. हा जिवाणू निरोगी माणसाच्या नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वर, कुणाला पत्ता लागू न देता राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांत तर सर्वाधिक. काही आठवडे, कधी काही महिने मुक्काम करतो आणि निघून जातो. मग दुसऱ्या प्रकारचा येतो. अंगावरच्या साखरेच्या कवचावरून त्याचे शंभराहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत.

सर्दीचा किंवा फ्लूचा विषाणू आला की न्यूमोकोकसचं फावतं. नाकाचं अस्तर सुजतं, शेंबूड वाढतो, त्यातल्या साखरेवर जिवाणू पोसला जातो. त्याचं विषही ही सूज वाढवतं, आणि उंदराच्या पिल्लांत असं दिसलंय, की सूज जितकी जास्त तितके जिवाणू अधिक बाहेर पडतात. मग शिंक, खोकला किंवा शेंबडाचा हात दुसऱ्याच्या नाकाला लागला तरी पुरे.

खरं तर आजारातून त्याला काहीच मिळत नाही. रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरलेल्या जिवाणूला तिथून दुसऱ्या मुलाच्या नाकात जायला वाट नसते. पण वाट चुकते. लहानग्यांची नाकातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून कान फुटतो. खाली उतरला तर न्यूमोनिया. दोन वर्षांखालच्या मुलाच्या शरीराला ते साखरेचं कवच नीट ओळखताच येत नाही, म्हणून याच वयात धोका मोठा.

खोकणारं बाळ शांत असताना त्याचा अंगरखा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, की डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नये, थेट इस्पितळ.

न्यूमोकोकसवरच्या लशीत शास्त्रज्ञांनी कवचाची साखर एका प्रथिनाला जोडली. प्रथिन बाळाच्या शरीराला ओळखता येतं आणि त्यासोबत साखरही लक्षात राहते. सरकारी लसीकरणात ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा मिळते. देशभर ती २०२१ मध्ये पोचली. ती नाकातला मुक्कामही कमी करते. अमेरिकेत २००० पासून बाळांना अशी लस मिळू लागली, तेव्हा लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांतही लशीतल्या प्रकारांचे आजार घटले. म्हणजे बाळाच्या मांडीत टोचलेली सुई पणजीलाही लागू पडते! नाकातली जागा मात्र ओस राहत नाही. लशीत नसलेले प्रकार तिथे येतात, म्हणून लशीतल्या प्रकारांची संख्या सातावरून दहा, तेरा अशी वाढत गेली आहे.