पेरोनीज डिसीज

लिंग ताठ झाल्यावर वर किंवा एका बाजूला वाकतं, आत कडक गाठ हाताला लागते आणि सुरुवातीचे काही महिने दुखतंही, हा तो आजार. नाव पडलं फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या सर्जनवरून, फ्रांस्वा द ला पेरोनी, त्याने १७४३ मध्ये याचं वर्णन केलं होतं. ताठरता आणणाऱ्या नळ्यांभोवती एक चिवट आवरण असतं, त्याला बारीक मार लागून जखम नीट भरली नाही तर तिथे व्रण धरतो, हीच ती गाठ, तेवढी जागा ताणली जात नाही आणि लिंग त्याच बाजूला वळतं. कॅन्सर नाही हा. जन्मजात वाकडेपणा वेगळा, त्यात गाठ नसते, त्यामुळे गाठीवरची औषधं तिथे कामाची नाहीत.

उपचारात खरा प्रश्न वेळेचा आहे. पहिले सहा ते अठरा महिने आजार बदलत असतो, तेव्हा ऑपरेशन केलं तर नंतर परत वाकू शकतं, म्हणून युरोलॉजिस्ट वाकडेपणा किमान तीन महिने जैसे थे राहिल्याशिवाय सहसा हात घालत नाहीत. व्हिटॅमिन ई बरीच वर्षं दिलं गेलं पण फायदा सिद्ध झाला नाही, आणि स्टेशनबाहेरच्या भिंतीवर जाहिरात असते त्या तेलांबद्दल तर बोलायलाच नको. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या झटक्यांनी, दुखणं कमी होतं, वाक नाही.

गाठीतलं कोलाजन विरघळवणाऱ्या, गाठीतच द्यायच्या कोलाजिनेज इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, वाक ३० अंशांपेक्षा कमी नसेल तर, जास्तीत जास्त आठ इंजेक्शनं. चाचण्यांत वाक सरासरी ३४ टक्के कमी झाला, पण नुसत्या प्लासिबोनेही, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शननेही, १८ टक्के झाला होता, हे लक्षात ठेवलेलं बरं! सूज, काळंनिळं होणं नेहमीचं, क्वचित आवरणच फाटतं.

ऑपरेशनमध्ये सोपा प्रकार म्हणजे वाकाच्या बाहेरच्या, लांब बाजूला टाके घालून ती आखूड करायची, किंवा नेस्बिट पद्धतीने तिथला छोटा तुकडा काढायचा. लिंग सरळ होतं पण लांबी थोडी जाते, आणि हे पेशंटला आधीच स्पष्ट सांगायला हवं, कारण नंतरची नाराजी बहुतेक यावरूनच असते. वाक ६० अंशांच्या वर असेल किंवा मध्येच कंबरेसारखं बारीक झालं असेल तर व्रण कापून तिथे ग्राफ्ट म्हणजे ठिगळ लावतात, शिरेचा किंवा गाय-बैलाच्या हृदयावरच्या पडद्याचा, यात लांबी बरीचशी वाचते पण ताठरता कमी व्हायचा धोका वाढतो. आधीपासूनच ताठरता येत नसेल आणि गोळ्यांनीही भागत नसेल तर इम्प्लांट, म्हणजे लिंगाच्या आत बसवायचं फुगवता येणारं कृत्रिम साधन, ते फुगवून सर्जन ऑपरेशन टेबलावरच लिंग हाताने उलट्या बाजूला वाकवून सरळ करतो.