बाष्पनशील तेले, कुक्कुट-खाद्यातील

कोंबड्यांच्या आतड्यांतील अपायकारक जीवाणू कमी करण्यासाठी खाद्यात मिसळली जाणारी वनस्पतिजन्य सुगंधी तेले. ओवा, थाइम, ओरेगॅनो, दालचिनी व लवंग यांची तेले किंवा त्यांतील थायमॉल, कार्व्हाक्रॉल, सिनॅमाल्डिहाइड व यूजेनॉल ही संयुगे मुख्यतः वापरतात.

या वापराचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. थाइमच्या तेलातून थायमॉल १७१९ मध्ये कास्पार नॉयमान यांनी वेगळे केले, असे सामान्यतः मानतात. तेलांच्या वाफेच्या जंतुनाशक गुणाची पहिली प्रायोगिक नोंद बहुधा १८८१ मधील असावी. काही लेखक ही परंपरा मसाल्यांच्या प्राचीन औषधी वापरापर्यंत मागे नेतात. मात्र खाद्यपूरक म्हणून या तेलांचा इतिहास प्रतिजैविकांच्या इतिहासाशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. खाद्यातील स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने पिलांची वाढ सुधारते, असे १९४६ मध्ये आढळले आणि पुढे हा वापर जगभर पसरला. जीवाणूंमध्ये औषधरोध वाढू लागल्यावर स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. यूरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून पूर्णपणे लागू झाली. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरास मनाई केली. तेलांवरील संशोधनाला खरा वेग आला तो या निर्बंधांमुळे.

थायमॉल व कार्व्हाक्रॉल ही समघटक फिनॉले (दोन्हींत दहा कार्बन, चौदा हायड्रोजन व एक ऑक्सिजन अणू, पण मांडणी वेगळी) जीवाणूच्या पेशीपटलातील मेदांत शिरतात. पटल सच्छिद्र होऊन पोटॅशियम आयन बाहेर झिरपतात व पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते. ग्रॅम-ऋण जीवाणूंचे (पेशीभोवती आणखी एक बाहेरचे पटल असलेल्या जीवाणूंचे) बाह्यपटल तेलकट रेणूंना काही प्रमाणात अडवते. तरीही साल्मोनेला व ई. कोलाय यांवर ही दोन संयुगे प्रयोगशाळेत प्रभावी ठरतात.

परीक्षानळीतील हे यश कोंबडीच्या पोटात मात्र तसेच टिकत नाही. साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जीवाणूंचा मुख्य ठिय्या अंधनालांत, म्हणजे लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावरील दोन पिशव्यांत असतो. तेलातील संयुगे तेथे पोहोचण्यापूर्वीच बव्हंशी शोषली जातात. डुकरांच्या पिलांत ती जठर व लहान आतड्याच्या आरंभीच्या भागातच शोषली गेल्याचे दिसले आहे. म्हणून तेलावर मेदाचे किंवा तत्सम सूक्ष्म वेष्टन चढवतात. गोळीखाद्य बनवताना उष्णतेने होणारी घटही त्यामुळे कमी होते. लहान आतड्यात आंत्रशोथ घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिन्जेन्स या जीवाणूविरुद्ध ही अडचण तुलनेने कमी आहे. कॅम्पिलोबॅक्टरबाबत कोंबड्यांवरील चाचण्यांचे निष्कर्ष विसंगत आहेत.

लाभ थेट जंतुनाशातून होतो की पाचकरस वाढून व आतड्यातील जीवाणुसमूह बदलून, यावरही वाद आहे. खाद्यातील अल्प मात्रा पाहता दुसऱ्या कारणाचा वाटा मोठा असावा. पिकाची जात, कापणीचा काळ व ऊर्ध्वपातनाची रीत यांनुसार तेलाचे घटक बदलतात. त्यामुळे केवळ वनस्पतीच्या नावावरून दोन चाचण्यांची तुलना करता येत नाही.