बिली पायपर नक्की कोण? ‘डॉक्टर हू’मधल्या अंदाजांची पार्श्वभूमी

३१ मे २०२५ ला बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा ‘द रिॲलिटी वॉर’ हा भाग आला आणि शेवटच्या काही क्षणांत सगळा घोळ करून गेला. मालिकेचा नायक डॉक्टर परग्रहावरचा, मरायला टेकला की कायापालट होऊन नवा चेहरा घेतो. शूटी गाटवाचा पंधरावा डॉक्टर कायापालटाच्या सोनेरी उजेडात गेला आणि त्या उजेडातून बाहेर आली बिली पायपर, २००५ ला याच मालिकेत रोझ झालेली. ‘ओ, हॅलो’ म्हणाली, भाग संपला. श्रेयनामावलीत ‘अँड इंट्रोड्यूसिंग बिली पायपर’ एवढंच. २०१० ला मॅट स्मिथ आणि २०१३ ला पीटर कपाल्डी आला, तेव्हा याच ओळीत पुढे ‘ॲज द डॉक्टर’ असं होतं. या वेळी तेवढंच गाळलं आणि अंदाजांना ऊत आला.

मोर्शी, मेहकर, वरोरा अशा तालुक्यांतून ही मालिका पाहणारे मूठभरच. पण ‘काऊन बे, ते रोझच हाय ना?’ हा वाद तिथेही तितकाच रंगतो. नोव्हेंबर २०२३ पासून ब्रिटन-आयर्लंडबाहेर ही मालिका डिस्नेकडे गेली आणि आपल्याकडे ती हॉटस्टारवर दिसू लागली. २०२४ च्या हंगामात भाग ब्रिटनच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला यायचा. त्या वेळी गावात नेटवर्क मोकळं, लाइन असली तर तासाभरात पाहून होतं. २०२५ ला बहुतेक भाग शनिवारी दुपारी साडेबाराला आले. एप्रिल-मेची दुपार, त्यात लाइन गेली की टॉवरही मान टाकतो. अशा वेळी कमी दर्जाची प्रत डाउनलोडला लावून ठेवायची आणि भाग पाहून होईपर्यंत व्हॉट्सॲपचे स्टेटस उघडायचे नाहीत, हाच उपाय.

या मालिकेतले अंदाज चुकतात ते बहुतेक एकाच कारणाने. पाहणारा पडद्यावरच्या खुणा जुळवत बसतो आणि ट्विस्ट जन्मतो पडद्यामागे: कोणाची तब्येत, कोणाचा नकार, कोणाकडचे हक्क.

पहिला ट्विस्ट तसाच आला. मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, विल्यम हार्टनेलला घेऊन. १९६६ पर्यंत त्याची तब्येत ढासळली होती, संवाद विसरत होता, नव्या निर्मात्याशी जमत नव्हतं. नायक बदलायचा पण मालिका बंद करायची नाही. तेव्हा डॉक्टर परग्रहावरचा आहे याचा फायदा घेतला गेला. २९ ऑक्टोबर १९६६ ला ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या चौथ्या भागात तो जमिनीवर कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्रॉटन होऊन. आपल्या मालिकांत एका सोमवारी सुनेचा चेहरा बदलतो आणि घरात कोणी अवाक्षर काढत नाही. इथे त्याच अडचणीचं कथानक केलं. त्याला ‘रीजनरेशन’ हे नाव मात्र १९७४ ला मिळालं.

१९७६ ला पटकथाकार रॉबर्ट होम्सने ‘द डेडली असॅसिन’मध्ये एक वाक्य घातलं: टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्याला, बाराच कायापालट मिळतात. त्या गोष्टीतल्या खलनायकाला, मास्टरला, मरणाच्या दारात दाखवायचं होतं, म्हणून ही मर्यादा. त्या वेळी डॉक्टर चौथा होता. तेराव्याची काळजी कोण करतो? पुढची ३७ वर्षं चाहते बोटं मोजत राहिले.

ही मोजणी कशी बिघडली ते पाहण्यासारखं आहे. २०१३ ला मॅट स्मिथ अकरावा, म्हणजे अजून दोन शिल्लक असा सगळ्यांचा हिशेब. तेवढ्यात १८ मे २०१३ च्या भागाच्या शेवटी जॉन हर्ट पाठमोरा उभा दिसला आणि वळला: आठव्या आणि नवव्याच्या मधला, नाव टाकून दिलेला डॉक्टर. एक वाढला. हा जादा डॉक्टर आला, कारण पन्नाशीच्या भागात परत यायला नवव्या डॉक्टरच्या क्रिस्टोफर एकल्स्टनने नकार दिला होता. खुणा जुळवून हे कोणाला सापडणं शक्यच नव्हतं.

दुसरा जादा कायापालट आधीच डोळ्यांसमोर होऊन गेला होता. २५ डिसेंबर २००५ च्या भागात तलवारीच्या लढाईत दहाव्या डॉक्टरचा हात मनगटापासून तुटला. कायापालट ताजा असल्याने नवा फुटला. २००७ ला तोच तुटलेला हात बरणीत बुडवलेला दिसला. २८ जून २००८ ला ‘द स्टोलन अर्थ’ संपला तो डॉक्टरला डालेक या जुन्या शत्रूचा मार लागून अंगातून उजेड फुटताना. आठवडाभर ब्रिटनमध्ये नवा डॉक्टर कोण याचीच चर्चा. पुढच्या शनिवारी उत्तर आलं: जखम भरण्यापुरती शक्ती वापरली, उरलेली त्या बरणीतल्या हातात ओतली, चेहरा तोच. तरी एक कायापालट खर्ची पडला. म्हणजे अकरा चेहरे, हर्टचा एक आणि हा वाया गेलेला एक मिळून तेरा आयुष्यं. शिल्लक शून्य.

ज्यांनी १९८३ चा ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ पाहिला होता ते घाबरले नाहीत. त्यात टाइम लॉर्डांनी मास्टरला बारा कायापालटांचा नवा संच देऊ केला होता. नियम मोडायची सोय तीस वर्षं आधीच लिहून ठेवलेली. २५ डिसेंबर २०१३ ला डॉक्टरला तोच संच मिळाला. जुना भाग कामी येतो तो असा: त्यातली सोय लेखकाला आजच्या अडचणीत एका वाक्यात वापरता आली पाहिजे. नुसता जुना धागा सापडला म्हणून ट्विस्ट सापडत नाही.

याला अपवाद आहे आणि तो गमतीचा आहे. जानेवारी १९७६ मध्ये ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये मनाच्या झुंजीत पडद्यावर आठ अनोळखी चेहरे आले. ते निर्मितीतलेच लोक होते, जुने कपडे चढवून फोटो काढलेले. हे हार्टनेलच्या आधीचे डॉक्टर की शत्रूचे चेहरे, यावर पिढ्या भांडल्या. १ मार्च २०२० च्या ‘द टाइमलेस चिल्ड्रेन’ने निकाल दिला: हार्टनेलच्या आधीही डॉक्टर होते. ४४ वर्षांनी खरा ठरलेला अंदाज. तोही अनेक चाहत्यांना रुचला नाही, हे वेगळं.

लपवाछपवीची परंपराही जुनी. १९८० च्या दशकात छापील कार्यक्रमपत्रिकेतून गुपित फुटू नये म्हणून मास्टर करणाऱ्या अँथनी एनलीचं नाव अक्षरं उलटसुलट करून छापत. ‘टोनी एनली’ची अक्षरं फिरवून १९८२ ला ‘नील टॉयने’ झालं, आणि १९८३ ला ‘जेम्स स्टोकर’, ज्याच्या अक्षरांतून ‘मास्टर्स जोक’ निघतं. १९८२ च्याच ‘अर्थशॉक’साठी निर्माता जॉन नेथन-टर्नरने ‘रेडिओ टाइम्स’ या कार्यक्रमपत्रिकेचं मुखपृष्ठ नाकारलं, कारण सायबरमेन हे जुने शत्रू परत येताहेत हे त्यातून कळलं असतं. चाहत्यांना अक्षरं फिरवायची सवय लागली ती इथून.

हीच सवय २०२४ ला लेखक रसेल टी डेव्हिसने त्यांच्यावर उलटवली. सूसन ट्विस्ट नावाची अभिनेत्री जवळजवळ प्रत्येक भागात निराळ्या छोट्या भूमिकेत दिसू लागली: कुठे चहावाली, कुठे वाटसरू, कुठे यांत्रिक रुग्णवाहिकेचा चेहरा. आडनावच ट्विस्ट! शिवाय १९६३ मधली डॉक्टरची नात सूसन. १५ जूनच्या भागात ती उद्योजक सूसन ट्रायड म्हणून आली. ‘एस ट्रायड’ची अक्षरं फिरवली की ‘टारडिस’, डॉक्टरचं कालयान. नातच ती, असं जवळपास ठरलं. पण कंपनीचं नाव तोडून वाचायचं होतं: सू टेक. म्हणजे सूटेख, १९७५ च्या ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मधला मृत्यूचा देव, आणि आवाजही तेव्हाच्याच गॅब्रिएल वूल्फचा. दुसरा प्रश्न होता डॉक्टरची सोबतीण रूबी हिची आई कोण. त्यावर मोठमोठे अंदाज होते. २२ जूनला ती साधी बाई निघाली. कथेत हे उत्तर चांगलं आहे, असं आमचं मत. पण हंगामभर बर्फ पाडून, गूढ गाणं वाजवून मग ‘काहीच नव्हतं’ म्हटलं की माणूस चिडणारच.

रूबीची गूढ शेजारीण मिसेस फ्लड हिचा अंदाज तेवढा जमला. १७ मे २०२५ ला ती १९८५ ची खलनायिका राणी निघाली आणि तिच्यातून आर्ची पंजाबीची दुसरी राणी बाहेर आली. मात्र २०१४ पासून कोणतीही अनोळखी बाई आली की कोणी ना कोणी राणीचं नाव घेतच होतं. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात: अठरा धान्यं, मधे चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत ऐकायला गर्दी लोटते. जमलेलं भाकीत पारावर वर्षानुवर्षं चालतं, हुकलेलं पुढच्या घटापर्यंत कोणाच्या ध्यानात राहत नाही. राणीचं तेच झालं. (योगायोग असा की २०२४ च्या हंगामाचे पहिले दोन भाग आणि भेंडवळचं भाकीत एकाच पहाटे आले, ११ मे ला.)

हक्कांची बाजू बहुतेक अंदाज करणारे पाहतच नाहीत. बीबीसीसाठी बाहेरून लिहिणाऱ्यांनी घडवलेल्या राक्षसांत त्या लेखकांचाही हक्क असतो. डालेक टेरी नेशनचे. २००४ ला त्याच्या वारसांशी बोलणी फिसकटली, तेव्हा ‘डालेक’ या भागासाठी दुसऱ्याच प्राण्याचा मसुदा लिहावा लागला होता. नंतर जमलं आणि ३० एप्रिल २००५ ला भाग डालेकसह आला. म्हणून जुना शत्रू परत येणार असं कोणी म्हटलं की आधी विचारायचं, तो कोणाच्या मालकीचा?

आता बिली पायपर. २००५-०६ ला ती रोझ टायलर होती. २०१३ ला तिनेच ‘द मोमेंट’ साकारलं, रोझचा चेहरा घेतलेलं जाणतं शस्त्र. तिसरी शक्यता, ती सरळ सोळावी डॉक्टर. चेहरा पुन्हा वापरायची सोय झालेली आहे: २०२२ ला दहावा डॉक्टर डेव्हिड टेनंट चौदावा होऊन परतला, म्हणजे जुना चेहरा नव्या डॉक्टरला मिळू शकतो. मोमेंटचा अंदाज चाहत्यांना प्रिय, पण तो नव्या प्रेक्षकाला समजावायला पाच मिनिटं लागतील. एका सुट्या भागात एवढी जागा कोणी देत नाही. आणि सध्या हातात आहे तो सुटा भागच. ऑक्टोबर २०२५ ला डिस्नेची भागीदारी संपल्याचं जाहीर झालं आणि बीबीसीने २०२६ च्या नाताळचा डेव्हिसनेच लिहिलेला एक विशेष भाग जाहीर केला.

श्रेयनामावलीतले गाळलेले शब्द म्हणूनच फार ताणू नयेत. ते गूढ ठेवण्यासाठी गाळले असतील, तसेच पुढचा करार झालेला नसताना हात मोकळे राहावेत म्हणूनही. सूसनचा धागाही असाच लोंबकळतो आहे. मे २०२५ ला कॅरोल ॲन फोर्ड, १९६३ ची मूळ सूसन, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर दोनदा येऊन गेली आणि शेवटच्या भागात तिचं पुढे काहीच झालं नाही. नाताळच्या भागावर अंदाज बांधणाऱ्यांनी आधी कलाकारांच्या यादीत तिचं नाव येतं का ते पाहावं, अक्षरं नंतर फिरवावीत.