जेवलाच नाही तर इन्सुलिन कशाला? या प्रश्नाची पार्श्वभूमी

टाइप १ डायबेटिस (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) असलेल्या पोराला ताप आला, उलट्या सुरू झाल्या की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, पोटात काही नाही मग इन्सुलिन कशाला, शुगर पडेल ना. आज्जी म्हणते, शेजारचे म्हणतात, आणि खरं सांगू, पहिल्या वेळी मीही तेच म्हटलं होतं. ऐकायला पटतं म्हणूनच ते धोक्याचं आहे. आजारपणात शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन असले हार्मोन्स सोडतं, लिव्हर स्वतःच रक्तात साखर ओतत बसतं, म्हणजे पोरगं उपाशी असलं तरी इन्सुलिनची गरज उलट वाढू शकते. ते मिळालं नाही की चरबी जळते, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्लं रक्तात साठतात, कीटोनमुळे पुन्हा उलट्या, आणि आपण समजतो पोट बिघडलंय.

१९२२ च्या आधी हा प्रश्नच नव्हता, कारण इन्सुलिनच नव्हतं. अमेरिकेत डॉ. ॲलन यांची उपासमारीची ट्रीटमेंट चालायची, मुलं हाडांचा सापळा होऊन थोडे महिने जास्त काढायची, त्यात साधं इन्फेक्शन झालं तरी खेळ खलास. मग ११ जानेवारी १९२२ ला टोरंटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. वजन जेमतेम ३० किलो. तो डोस अशुद्ध होता, फारसा फरक पडला नाही, मग बायोकेमिस्ट कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ तारखेपासून सुरू केला आणि पोरगं सावरलं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढचं कुणी सांगत नाही, की हाच लेनर्ड १९३५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी न्यूमोनियाने गेला. रोजचे दिवस इन्सुलिनने सांभाळले, आजारपणाचा दिवस तेव्हाही अवघडच होता.

अवघड का, तर घरी काही कळायचंच नाही. साखर तपासायला बेनेडिक्टचं निळं द्रावण टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं, हिरवं, पिवळं, विटकरी असा रंग बघायचा. १९४१ मध्ये लघवीत टाकून साखर तपासायची गोळी आली, उकळणं सुटलं, पण लघवी सांगणार काही तासांपूर्वीची साखर, आणि तापाने फणफणलेल्या पोराची साखर तेवढ्या वेळात कुठल्या कुठे जाते. बोस्टनचे डायबेटिसचे डॉक्टर जोस्लिन पेशंटला आणि घरच्यांना शिकवण्यावर इतका जोर द्यायचे तो त्यामुळेच असावा, असं मला वाटतं. रक्तातली साखर तपासायची पट्टी १९६० च्या दशकात आली, सुरुवातीचं मीटर किलोभर वजनाचं आणि डॉक्टरांसाठीच, घराघरात ते शिरलं १९७० चं दशक संपता संपता.

तिथून पुढे आजारपणाचे नियम घरी पाळता येण्यासारखे झाले. मुलांच्या डायबेटिससाठीची आंतरराष्ट्रीय संस्था इस्पॅड १९७४ ला सुरू झाली, तिचं म्हणणं आजही हेच, आजारात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. रक्तातले कीटोन ०.६ (मिलिमोल प्रति लिटर) च्या खाली असले तर ठीक, १.५ च्या वर गेले की सावध, ३ च्या वर म्हणजे हॉस्पिटल. कीटोन आणि शुगर दोन्ही वाढलेली असतील तर दिवसभराच्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के जास्तीचं इन्सुलिन, तेही आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्लॅनप्रमाणेच, मनाने नाही.

जुलाब-उलट्यांत कधी कधी शुगर खरोखर खाली येते, तेव्हा आज्जीची भीती अगदीच खोटी नसते. अशा वेळी डोस कमी करतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे (साखर वाढवणाऱ्या हार्मोनचे) अगदी छोटे डोस देऊन पोटाच्या आजारातली मुलं घरीच सांभाळता येतात हे दाखवलं.

आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते ती कीटोनची लघवीचीच पट्टी. तिच्यावर मुख्य कीटोन दिसतच नाही, दुसरा दिसतो, तोही उशिरा. म्हणून उलट्या थांबत नसतील किंवा श्वास जोरजोरात चालला असेल तर रंग बदलायची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.