बुजऱ्या घोड्यावर शांत बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मराठवाड्यात ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या कवायतीचं मैदान करायचं म्हटलं की आधी जमिनीशी भांडावं लागतं. काळं रान पावसात खुराला चिकटतं, उन्हाळ्यात भेगाळतं. मग मुरूम दाबायचा, वर वाळू पसरायची आणि 20 बाय 40 मीटरची चौकट आखायची. एवढं करूनही शेजारचं रान काही आपल्या हातात नसतं. समजा तिथे मिरची आहे आणि मल्चिंग पेपरचं एक टोक मातीतून सुटून वाऱ्यावर फडफडतंय. चार वर्षांचा, नुकताच खोगिराला सरावलेला घोडा तो कोपरा डाव्या हाताला ठेवून दोन फेऱ्या निमूट मारतो. दिशा बदलली, कागद उजवीकडे आला, आणि गडी असा काही बाजूला उडतो की वरच्याची मांड सुटते. कठड्याला टेकून बघणारे काका लगेच निकाल देतात, "आत्ताच तर बघितलाय की त्यानं कागद! नाटकं करायलंय नुसतं. ठिव एक."

काकांचा घोड्यांशी संबंध जुना असेल, पण हे निदान चुकलेलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2021 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या घसरगुंडीसारखं एक मोठं खेळणं ठेवलं आणि तरुण घोड्यांना त्याच्याजवळून नेऊन नेऊन सवय केली. मग तेच खेळणं 90 अंशांत फिरवून ठेवलं. घोडे पुन्हा दचकले. वस्तू तीच होती, पण नव्या बाजूने दिसली तेव्हा त्यांच्या लेखी ती नवीच होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे कागद डावीकडून उजवीकडे गेला की त्याच्यासमोरचं चित्रच बदलतं. म्हणून कोपऱ्याची ओळख दोन्ही दिशांनी जाताना वेगवेगळी करून द्यावी लागते, आणि त्यात घोड्याचा हट्ट शोधायला जाऊ नये.

या डोळ्यांचा आवाका फार मोठा आहे. दोन्ही मिळून जवळजवळ 350 अंश. आंधळी जागा कपाळापुढे थोडी आणि शेपटीमागे थोडी. तांबडा आणि हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही, निळा आणि पिवळा कळतो. बारकावे माणसापेक्षा कमी दिसतात, हालचाल मात्र चटकन टिपली जाते. उन्हातून पत्र्याच्या शेडमध्ये शिरताना घोडा उंबऱ्यावर थबकतो, कारण त्याच्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिथे टाच मारून आत ढकलणारे बघितले की मला राग येतो. मिनिटभर थांबलं तर काय बिघडतं?

कानाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला 33,000 हर्ट्झच्या पुढचेही. पण आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात तो कच्चा आहे. माणूस एखाद-दुसऱ्या अंशाने चुकेल, तर घोडा पंचवीस-एक अंशांनी. म्हणजे ठिबकच्या व्हॉल्व्हमधून सुटणारी बारीक सुसकारी त्याला आपल्याआधी ऐकू येते आणि ती कुठे आहे हे मात्र कळत नाही. मोकळ्या माळावर शिकाऱ्यांपासून वाचत जगलेल्या प्राण्याने अशा वेळी एकच गोष्ट करायची असते: आधी पळायचं, मग वळून बघायचं.

आणि पळण्याची तयारी शरीरात कायम असते. विश्रांतीत घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण 28 ते 44 ठोके देतं, जोरात धावताना ते 200 च्या वर जातं. भीती वाटली की प्लीहा आकसते आणि तिथे साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात. एरवी रक्तात 35 ते 40 टक्क्यांच्या आसपास असणारं पेशींचं प्रमाण भरधाव पळताना 60 टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. तुम्ही बसलात ते जनावर आणि दचकल्यावर तुमच्याखाली असतं ते जनावर, रक्तापासून वेगळं असतं.

ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणं, असा आपल्याकडे समज आहे. वरातीतल्या घोड्यामुळे असावा. प्रत्यक्षात ही घोड्याच्या कवायतीची विद्या आहे. चाल, तोल आणि आज्ञा पाळणं यांची परीक्षा. 2023 च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने यात सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं भारताचं त्याआधीचं आशियाई सुवर्ण 1982 चं होतं. या खेळात स्वाराच्या आज्ञा बघणाऱ्याला दिसूही नयेत, अशी अपेक्षा असते. घोड्याला आपण वर्षानुवर्षं हेच शिकवतो की माझं वजन जरासं सरकलं तरी समजून घे. मग भीतीनं सरकलेलं वजन त्याने ऐकू नये, असं कसं म्हणता येईल?

स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये नेमकं हेच तपासलं. घोडे धरून चालणाऱ्या आणि घोड्यावर बसलेल्या माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या फेरीच्या आधी त्यांना कल्पना दिली की आता एक जण घोड्यासमोर छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीचं कुणी सांगितलं नव्हतं. जे घोड्यावर बसले होते, त्यांचा लगाम आखूड धरण्याकडे कल दिसला.

त्या आखूड लगामाकडे नीट बघू. फडफडणारा कागद पुढे दिसतो तेव्हा स्वार काय करतो? श्वास धरतो. श्वासपटल आणि कमरेतला सोआस हा खोल स्नायू, दोघांची मुळं कमरेच्या त्याच मणक्यांवर आहेत. सोआस तिथून थेट मांडीच्या हाडाला जातो. त्यामुळे वर श्वास अडला की खाली कंबर ताठ होते, मांड्या आवळल्या जातात, स्वार नकळत पुढे झुकतो. हात छातीकडे येतात, लगाम ताणला जातो. घोड्याच्या बाजूने बघितलं तर पाठीवरचं वजन अचानक कडक झालं, बरगड्यांना चिमटा बसला म्हणजे पुढे चल, आणि तोंडात ओढ लागली म्हणजे थांब. त्यात मान मोकळी नाही, त्यामुळे लांबचं न्याहाळायला डोकं उचलता येत नाही. हे दोन-चार वेळा त्याच कोपऱ्याआधी घडलं की लगाम ताणला जाणं हीच धोक्याची खूण ठरते. मग कागद काढून टाकला तरी घोडा तिथे बुजतो, आणि काका म्हणतात, खोड लागली.

चाबकाचंही तसंच आहे. सुमारे 2,400 वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफनने लिहून ठेवलंय की घाबरलेल्या घोड्याला मारून पुढे नेलं तर त्याची भीती वाढते, कारण त्याला वाटतं हे दुखणंही त्या वस्तूमुळेच होतंय. आजच्या शिक्षणशास्त्रालाही त्यात फारशी दुरुस्ती करावी लागणार नाही.

मग शांत बसायचं म्हणजे काय? आतून भीती काढून टाकायची असं नव्हे. ती हुकमानं जात नसते. शरीराच्या ज्या खुणा घोडा वाचतो, तेवढ्या सांभाळायच्या. त्यातली सगळ्यात मोठी खूण श्वास. लांब, सावकाश सोडलेल्या श्वासाने व्हेगस मज्जातंतूमार्फत आपल्याच हृदयाची गती उतरते आणि कंबर सैल पडते. घाबरलेल्या माणसाला "श्वास सोड" म्हटलं तर तो उलट घेतच राहतो, म्हणून बोलायला लावावं. हरिपाठाची ओळ म्हणा, गवळण म्हणा, कांद्याचे भाव सांगा. बोलायला श्वास सोडावाच लागतो. नजर कागदावर नको, मैदानाच्या कडेला खुणेसाठी लावलेल्या पुढच्या अक्षरावर हवी. टाच खाली, मांडी सैल, लगामाची लांबी आधी होती तेवढीच.

घोडा बुजण्याआधी सांगतो, हेही लक्षात ठेवावं. दोन्ही कान एकाच जागी रोखले जातात, मान थोडी वर येते, पाऊल आखूड पडतं आणि पाठ खोगिराखाली फळीसारखी होते. हे सगळं दोन-तीन पावलांत घडतं. तेवढ्यात काहीतरी काम द्यायचं. ड्रेसाजमधला शोल्डर-इन इथे कामी येतो: कागद उजवीकडे असेल तर घोड्याला डावीकडे हलका बाक द्यायचा, खांदे जरा आत आणायचे आणि चालतं ठेवायचं. नाक कागदाकडे वळवून "बघ, बघ" करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण तसं केलं की बाक उलटा होतो आणि घोड्याचा खांदा नेमका पळायच्या बाजूला मोकळा सुटतो.

कोपऱ्याशी ओळख लांबून करावी. डेन्मार्कमध्ये दोन वर्षांच्या 27 घोड्यांवर सवय लावण्याच्या तीन पद्धती ताडून बघितल्या होत्या. भीतीची वस्तू टप्प्याटप्प्याने दाखवली, त्या गटातले सगळे घोडे सरावले, तेही कमी वेळात. संपूर्ण वस्तू एकदम पुढ्यात आलेल्यांतले काही सरावलेच नाहीत. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. घोडे बाहेरून स्थिर झाल्यावरही काहींच्या हृदयाचे ठोके चढेच राहिले. डीजेपुढे दगडासारखा उभा असलेला वरातीचा घोडा बघून "किती शांत आहे" म्हणण्याआधी हे आठवावं.

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून आणलेलं तरुण जनावर घरी आल्यावर बुजायला लागलं की लोक म्हणतात, फसवलं. तसं असेलही. पण लोह्याजवळच्या त्या खंडोबाच्या माळावर ते घोड्यांच्या रांगेत उभं असतं, घरी एकटं. शांत जोडीदार शेजारी असला की नवखा घोडा कमी घाबरतो, हेही डेन्मार्कमधल्या प्रयोगांत दिसलं आहे. पहिले काही आठवडे एखादी वयस्क, संथ घोडी सोबत असली की अर्धी मेहनत वाचते. शाबासकी देताना मानेवर थापा मारू नयेत. आयाळ संपते तिथे, खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि माणसाने तिथे खाजवलं तरी त्यांच्या हृदयाची गती उतरते.

एकाएकी बुजायला लागलेल्या घोड्याचे दात, पाठ आणि पोट आधी पशुवैद्याला दाखवावं. जठरातले व्रण घोड्यांत फार आढळतात. दाणा भरपूर, काम थोडं आणि कडबा मोजून, असं चाललं असेल तर तेही बदलावं.

हेल्मेट प्रत्येक वेळी. आणि कंबर सैल होतच नसेल तर सरळ उतरावं, त्यात कमीपणा नाही. उतरून नेताना आपण कागद आणि घोडा यांच्या मधे चालावं, कारण तो उडेल ते कागदापासून लांब, म्हणजे आपल्यापासूनही लांब. समोर उभं राहून ओढू नये, खांद्याजवळ राहावं. दोर हाताला गुंडाळू नये, घडी करून मुठीत धरावा. आणि तोंडाने बोलणं चालू ठेवावं. स्वीडनमधल्या त्या प्रयोगात ठोके वाढलेल्या घोड्यांत नुसते धरून चालवलेलेही होते.