खाडीच्या चिखलातलं तेल कुणाचं?

पावसाळ्यात कोकणातल्या पुळणीवरून चालून आलं की तळपायाला काळं डांबर चिकटलेलं असतं. साबणाने जात नाही, खोबरेल चोळावं लागतं. समुद्रात सांडलेल्या तेलाचा हलका भाग उडून गेल्यावर उरलेल्या चिकट्याचे हे गोळे. नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर ते किनाऱ्याला लागतात. पायाला लागलेलं निदान दिसतं; मला काळजी वाटते ती खाडीच्या चिखलात मुरलेल्या तेलाची.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, रायगडच्या कांदळवनांतही शिरलं. असं तेल गाळाच्या बारीक कणांना धरून तळाशी बसतं. तिथे प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे जिवाणू ते फार सावकाश खातात.

ते कुणाचं, हे ओळखता येतं. अडचण अशी की हायड्रोकार्बन, म्हणजे तेल ज्यांचं बनतं ती कार्बन-हायड्रोजनची संयुगं, झाडांतही असतात. तिवराच्या पानावर वरून बोट फिरवा, गुळगुळीत लागतं. ते मेण. झाड त्याच्या रेणूची साखळी दोन-दोन कार्बन जोडत विणतं आणि शेवटी एक कार्बन काढून टाकतं. म्हणून पानांच्या मेणात २७, २९, ३१ कार्बनच्या अशा विषम साखळ्या जास्त असतात. खनिज तेल मात्र जमिनीखाली लाखो वर्षं शिजलेलं. त्यात सम-विषम हा भेद जवळजवळ पुसून जातो. चिमूटभर चिखलात पान आणि तेल असे वेगळे ओळखू येतात, याचं मला अजून नवल वाटतं.

जळण्याच्या खुणाही असतात. फ्लुओरँथीन आणि पायरीन ही तेलात आणि धुरात सापडणारी, कार्बनच्या जोडकड्यांची दोन संयुगं. दोघांच्या बेरजेत फ्लुओरँथीन निम्म्याहून जास्त असेल तर सहसा लाकूड-कोळशाचा धूर, ०.४ च्या खाली असेल तर न जळलेलं तेल. तेल कुठल्या तेलक्षेत्रातून उपसलेलं, हे कळतं ते होपेन नावाच्या रेणूंवरून. प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलातून उरलेले हे रेणू सहजी कुजत नाहीत, आणि त्यांची आपसातली प्रमाणं तेलागणिक बदलतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांचा माग असाच काढला आहे.

ओहोटीला बायका याच चिखलात उतरून तिसऱ्या काढतात. फ्लुओरँथीन-पायरीनसारखी संयुगं मासे यकृतात बऱ्याच अंशी मोडतात. तिसऱ्यांना ते फारसं जमत नाही, त्यांच्या अंगात ती साठतात. उद्या या बायकांना भरपाई मागायची झाली, तर तेल अमक्याच जहाजाचं हे दाखवावं लागेल. त्यासाठी जहाजाच्या टाकीतला नमुना वेळेत घेतलेला हवा, आणि तेल येण्याआधीचा खाडीचा चिखलही कुठेतरी बाटलीत जपून ठेवलेला हवा.