स्लो कॉम्प्युटरवरचे उतारे

पीकविम्याची मुदत जवळ आली की चोपड्यापासून शिरपूरपर्यंत सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि नेमका तेव्हाच आतला कॉम्प्युटर रुसतो. ‘हाऊ कॉम्प्युटर गंज स्लो चाली ऱ्हायना, जिभाऊ,’ म्हणून ऑपरेटर हात वर करतो. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज पुढे करतं. रन उघडा, ‘टेम्प’ लिहा, सगळं सिलेक्ट करून डिलीट मारा. मग ‘प्रीफेच’ लिहा, तेही साफ करा. वर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश. मशीन नव्यासारखं पळेल.

रिफ्रेशचं आधी उरकून घेऊ. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा काढली जातात, बस. मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरचा ताण उतरत नाही. मीटरला लिंबू-मिरची बांधून वीजबिल कमी होईल तर रिफ्रेशने कॉम्प्युटर पळेल. तरी इंजिनिअर झालेली मंडळीसुद्धा विचार करताना नकळत एफ-५ दाबत बसतात.

टेम्पचा, म्हणजे प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा, प्रश्न जरा वेगळा आहे. तिथल्या बऱ्याच फाइली खरंच बिनकामाच्या असतात, काढल्या तर नुकसान नाही. पण वेग का वाढावा? डिस्कवर पडून असलेली फाइल काहीच करत नाही. कुणी उघडेपर्यंत प्रोसेसर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० जीबी लग्नांचे व्हिडिओ असले, तरी वर्ड उघडायला लागणारा वेळ त्यामुळे बदलत नाही. फाइली जागा खातात, वेळ नाही. वेळ कुठे जातो हे बघायचं तर डिस्कच्या पोटात शिरावं लागेल, आणि हा माझा आवडता भाग आहे.

सेवा केंद्रांतल्या, शाळांतल्या, पतसंस्थांतल्या जुन्या मशीनमध्ये अजूनही फिरती हार्ड डिस्क असते. तिची मूळ कल्पना आयबीएमची, १९५६ सालची. त्या पहिल्या यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या, सगळ्यांत मिळून ५० लाख अक्षरं मावत आणि हवं ते अक्षर सापडायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच: फिरती तबकडी आणि तिच्यावर आत-बाहेर सरकत माहिती वाचणारं-लिहिणारं हेड. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-एक. म्हणजे विखुरलेली माहिती उचलताना दर उचलीला सुमारे १६ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ६० उचली. माहिती एका ओळीत सलग असेल, तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देते. विखुरलेले ४ केबीचे तुकडे मागा, ती पाव एमबीवर येते. चारशेपट फरक, आणि तो सगळा हेडच्या धावपळीचा.

रॅमला, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवणाऱ्या मेमरीला, असं काही सरकवावं लागत नाही. तिथली माहिती साधारण १०० नॅनोसेकंदांत हाती येते. आकडे डोळ्यांपुढे येत नसतील तर असं धरा की रॅममधून माहिती यायला १ सेकंद लागला, तर फिरत्या डिस्कवरून ती यायला जवळजवळ दोन दिवस लागतील. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, असेल तर साधारण १७ मिनिटांतच.

आता सेवा केंद्रातल्या मशीनची रॅम ४ जीबीची आहे असं धरा. त्यातली दीड-दोन जीबी विंडोज आणि अँटिव्हायरसच घेतात. ब्राउझरमध्ये विम्याचं पोर्टल, सातबाऱ्याचं पान, बँकेचं पान, ईमेल, बाजूला एक यूट्यूब. २०१८पासून क्रोम सुरक्षेसाठी वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, त्यामुळे एकेक टॅब शे-दोनशे एमबी सहज गिळतो. वर स्कॅनरचं सॉफ्टवेअर. रॅम भरते. तरी विंडोज ‘जागा नाही’ म्हणत नाही. रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पेज म्हणतात. बराच वेळ कुणी हात न लावलेली पेजेस विंडोज डिस्कवरच्या ‘पेजफाइल’मध्ये नेऊन ठेवते आणि मागणी आली की परत आणते. प्रोग्रामला याचा पत्ता नसतो, त्याला वाटतं सगळी मेमरी आपलीच. ही युक्ती मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२ साली अवतरली, आणि बाहेर काढलेलं पेज लगेच लागत नाही तोवर ती फार सुंदर चालते.

लगेच लागलं तर? प्रत्येक प्रोग्रामला एका वेळी काही ठरावीक पेजेस हाताशी लागतातच. सगळ्या प्रोग्रामांच्या अशा गरजांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की खेळ बिघडतो. ब्राउझरसाठी स्कॅनरची पेजेस बाहेर काढली, पुढच्या क्षणी स्कॅनरला तीच हवीत. ती आणायला ब्राउझरची काढली, तर ब्राउझर अडला. दर वेळी ते १६ मिलिसेकंद. २०० एमबी म्हणजे ५१,२०० पेजेस. एकेक करून आणायची झाली तर १४ मिनिटं. विंडोज शेजारशेजारची पेजेस एकत्र उचलून यातला बराच वेळ वाचवते, तरी माउसचा बाण अडकतो, पडदा पांढरा पडतो आणि कॅबिनेटवरचा छोटा दिवा विझायचं नाव घेत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. कॉम्प्युटरशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याची कारणमीमांसा मांडली. तेव्हाच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर एक गमतीदार अनर्थ होई: प्रोसेसर पेजची वाट बघत रिकामा दिसे, तो रिकामा आहे असं समजून यंत्रणा आणखी एक प्रोग्राम आत घेई, मेमरी आणखी कमी पडे, प्रोसेसर आणखी रिकामा दिसे. आपणही हेच करतो. क्रोम उघडत नाही म्हणून त्यावर तीनदा डबल क्लिक मारतो.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ९५ टक्के, डिस्क १०० टक्के आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) बिचारा दहा-पंधरावर, असं चित्र दिसलं तर रोग हाच. टेम्पमधल्या फाइली काढून तो बरा होणार नाही. टॅब बंद करा, ‘स्टार्टअप’मध्ये आपोआप सुरू होणारी बिनकामाची मंडळी डिसेबल करा. खर्च करणार असाल तर रॅम ८ जीबी करा आणि फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवा.

‘रॅम बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या ॲपांची करामतही आता कळेल. ती चालू प्रोग्रामांची पेजेस सक्तीने बाहेर हाकलतात. आकडा ९५ वरून ५० वर येतो, खाली हिरवी पट्टी झळकते, आणि पुढच्याच क्लिकला तीच पेजेस परत आणायची कसरत सुरू होते. बूस्टर स्वतः रॅममध्ये ठाण मांडून बसतो ते वेगळंच.

प्रीफेच साफ करणं तर स्वतःच्या पायावर धोंडा. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज प्रत्येक प्रोग्राम उघडताना पहिल्या काही सेकंदांत कुठल्या फाइलींचे कुठले भाग लागले याची टिपणं त्या फोल्डरमध्ये ठेवते. पुढच्या वेळी ते भाग ओळीने, हेडची धावपळ टाळून, आधीच उचलले जातात. टिपणं पुसली की पुढचं उघडणं हळू. फोल्डर बेसुमार वाढेल ही भीतीही नको, जुनी टिपणं विंडोज स्वतःच काढून टाकते.

मग साफसफाई कधी उपयोगाची? सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तेव्हा. सलग मोकळी जागा नसली की नव्या फाइलीचे तुकडे होऊन ती चार ठिकाणी विखुरते, मग पुन्हा हेड आलंच. पेजफाइलला वाढायला जागा राहत नाही, अपडेट अडकतात. एसएसडीला हेड नाही, पण तिथे लिहिलेल्या पेजवर (एसएसडीतल्या छोट्या तुकड्यांनाही पेजच म्हणतात) थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अनेक पेजेसचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि त्यासाठी त्यातली कामाची पेजेस दुसरीकडे हलवावी लागतात. मोकळी जागा कमी तेवढी ही हलवाहलव जास्त. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. ती विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’ने मिळते, वेगळं क्लीनर लागत नाही. रिसायकल बिनही रिकामी करा. बिनमध्ये गेलेली फाइल जागा अडवून असतेच.

सेवा केंद्राच्या डाउनलोड्समध्ये गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं आणि पासबुकं पडून असतात. ती वेगासाठी नाही, पण लोकांच्या सुरक्षिततेसाठी नक्की काढा. फिरत्या डिस्कवर डिलीट म्हणजे फक्त नोंद ‘ही जागा मोकळी’ अशी बदलणं. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच असतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतो. त्यामुळे जुनी डिस्क भंगारात घालण्याआधी दोनदा विचार करावा.

मशीन हळू होण्याचं आणखी एक कारण आपल्या खान्देशाचं खास आहे. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. बाहेर जाणारी उष्णता तापमानांतल्या फरकावर अवलंबून असते. २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ असतो. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या ४३ अंशांच्या खोलीत तो ५७ उरतो. थंड होण्याची पाव ताकद तिथेच गेली. त्यात जिनिंगच्या ऑफिसातलं कॅबिनेट उघडून बघा: प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ मिळून राखाडी गादी तयार झालेली असते, हवा शिरायला फट नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ काम करतानाही ‘बेस स्पीड’च्या बराच खाली अडकलेला दिसला तर या गादीवर संशय घ्या. मशीन बंद करून, वायर काढून, ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं पेन्सिलीने अडवून धरा, नाहीतर हवेच्या झोताने तो वाट्टेल तसा फिरून त्याचं बेअरिंग जातं.